काळी पाच, पांढरी सहा

लिफ्टची घंटा वाजली, दार उघडलं आणि सदानंदची पोरगी त्याच्यादेखत खोटं बोलली. झालं ते एवढंच. बाहरीनच्या जुफैरमधल्या त्या इमारतीत चौथ्या मजल्यावर संगीताचा क्लास होता आणि नवव्या मजल्यावर क्लासच्या मास्तरचं घर, त्यामुळे शनिवारी अकराला शिकवणी संपली की वर जाणारा मास्तर आणि खाली जाणारे बापलेक एकाच लिफ्टसमोर उभे राहत. मास्तर म्हणजे डेरेक हॅलम, वय एकाहत्तर, इंग्रज, एकेकाळी एका रॉक बँडमध्ये कीबोर्ड वाजवणारा. त्याचा आणि निधीचा एक खेळ होता. कानावर पडेल त्या आवाजाचा सूर ओळखायचा. मायक्रोवेव्हची शिटी, टॅक्सीचा हॉर्न, लिफ्टची घंटा, काहीही. दोघांचे कान तसलेच होते, लाखात एखाद्याला मिळणारे. आपल्याला पिवळं पिवळं दिसावं तितक्या सहज त्यांना सूर कळायचा. "बी फ्लॅट," घंटेबरोबर डेरेक म्हणाला. "ए," निधीही त्याच क्षणी म्हणाली, आणि मग तिने मास्तरकडे पाहिलं. मास्तरची पाठ सदानंदकडे होती, त्यामुळे तिला त्या चेहऱ्यावर काय दिसलं ते त्याला कळलं नाही. पण निधीचा चेहरा त्याला दिसला. तो मऊ पडला. "सॉरी, सॉरी, बी फ्लॅटच," ती घाईघाईने म्हणाली, "मी नीट ऐकलंच नाही." डेरेक हसला, पण थोडा थबकून, आणि लिफ्टमध्ये शिरून वर निघून गेला.

तेरा वर्षांच्या पोरीने म्हाताऱ्या मास्तरचं मन राखलं, याचं एखाद्या बापाला कौतुक वाटलं असतं. सदानंदला ते झोंबलं. कारण घरात ही पोरगी त्याला एवढंसंसुद्धा सोडत नसे. पाहुणे जेवायला आलेले असताना तो 'व्हेजिटेबल' म्हणाला की टेबलाच्या त्या टोकाकडून दुरुस्ती व्हायची. तो संध्याकाळी पेटी काढून बसला की आतल्या खोलीतून हाक यायची, "बाबा, राँग नोट!" आणि ती नोट चुकलेली असायचीच, हे आणखी वाईट. दयामाया हा प्रकार तिच्यापाशी आहे याचा त्याला आजवर पत्ता नव्हता, आणि आता लागला तो दुसऱ्याच्या दारात. गाडीत बसल्यावर त्याने सहज विचारावं तसं विचारलं, "निधी, ती घंटा नक्की कुठली होती गं?" "बी फ्लॅट." "मग आधी ए का म्हणालीस?" "आय सेड सॉरी ना, बाबा," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. म्हणजे बापाशीही खोटंच. "गॉगल राहिला वाटतं वर," असं सांगून एसी चालू ठेवून तो पुन्हा इमारतीत गेला. गॉगल त्याच्या डोक्यावरच होता. चौथ्या मजल्यावर उभं राहून त्याने बटन दाबलं, मोबाइलवर सूर मोजायचं ॲप उघडून धरलं आणि घंटेची वाट पाहिली. काटा ए वर आला आणि तिथेच राहिला. ए म्हणजे पेटीवरची पांढरी सहा. बी फ्लॅट म्हणजे तिच्या लगतची वरची काळी पाच. पोरगी बरोबर होती आणि मास्तर एका पट्टीने चुकला होता.

सदानंदचं सगळं आयुष्य अशा चुका पकडण्यातच गेलं होतं. समुद्राचं खारं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पात तो एकोणीस वर्षं मीटर तपासायच्या कामावर होता. त्याला माहीत होतं की मीटर दोन तऱ्हांनी बिघडतात. काही सैरभैर होतात, त्यांचं काय ते लगेच कळतं आणि ते फेकून देता येतात. काही मात्र सगळं व्यवस्थित दाखवतात, फक्त सारखं एक घर पुढे. वापरणाऱ्याला ते ठाऊक असलं तर तो मनातल्या मनात एक वजा करतो आणि वर्षानुवर्षं काम चालवतो. म्हाताऱ्याचं तसंच असणार, हे त्याच्या ध्यानात आलं. त्याने रात्री बसून इंटरनेटवर वाचलंसुद्धा, की तसले कान असलेल्या माणसांचं साठीनंतर असं होतं, जग अर्ध्या सुराने वर चढल्यासारखं ऐकू येतं आणि त्याला औषध नाही. पुढच्या शनिवारी त्याने खात्री करून घेतली. निधी बाथरूममध्ये गेली असताना मोबाइलवर एक सूर वाजवून त्याने विचारलं, "साहेब, हा कुठला हो?" डेरेकने उत्तर बरोबर दिलं. पण देण्याआधी त्याची नजर किंचित डावीकडे गेली, हातचा घेणाऱ्या पोराची जाते तशी, आणि सदानंदला जे हवं होतं ते मिळालं. हा गडी वजाबाकी करून शिकवत होता. लिफ्टपाशी त्या दिवशी तो वजाबाकी करायला विसरला होता, इतकंच. गेल्या हिवाळ्यात अमवाज आयलंड्सवरच्या एका हॉटेलात तो वाजवता वाजवता मध्येच थांबला होता आणि चक्कर आली म्हणून सांगितलं होतं, त्याचाही उलगडा झाला. बोटं एक दाबतायत आणि कान दुसरंच सांगतोय. किती वेळ तग धरणार माणूस?

डेरेक हॅलमची सगळी कुंडली सदानंदला पाठ होती, कारण निधी घरात दुसरं बोलतच नसे. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका गिरण्यांच्या गावात त्याची आई चर्च झाडायला जायची आणि तो तिथल्या ऑर्गनवर बसायचा. एकोणिसाव्या वर्षी 'सॉल्ट लॅडर' नावाच्या बँडमध्ये गेला. पंचाहत्तर साली त्यांची रेकॉर्ड आली आणि तिच्यातलं एकच गाणं, 'लो वॉटर, ट्यूजडे', त्यांच्या देशात घरोघरी वाजलं. ते डेरेकने लिहिलं, डेरेकनेच चाल लावली, आणि रेकॉर्डवर नाव आलं टोनी नावाच्या गायकाचं. चार वर्षांनी टोनीने त्याला एका पेट्रोल पंपावर कॉफी पाजून सांगितलं की आता मशीनवर वाजवणारा एक तरणा पोरगा मिळालाय. मग जहाजांवर वाजवणं, हॉटेलांतून वाजवणं, अडतिसाव्या वर्षी शिक्षकाचा कोर्स, मस्कत, कुवेत, आणि शेवटी बाहरीन. बायको मस्कतला असतानाच सोडून गेली. निधी हे सांगायची तेव्हा तिचे डोळे भरून यायचे. सदानंदला पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाईट वाटलं होतं. पंधराव्यांदा ऐकताना वाटलं, आपलीही अशीच एक हकीकत आहे की, ती का कधी विचारत नाही कुणी?

हकीकत होती. ठाण्यात कॉलेजात असताना तो एका ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचा. सत्यनारायणाच्या पूजा, हळदी, बँकवाल्यांची स्नेहसंमेलनं. गायिका ऐन वेळी कानात सांगायची, "आज घसा बसलाय, एक पट्टी खाली घ्या," आणि सदानंद ट्रान्सपोजचं बटन दाबायचा. बोटं तीच, जागा तीच, आवाज आपोआप खाली. ते बटन म्हणजे त्याची विद्या होती. त्याच्यासारख्या शेकडोंनी त्या बटनावर संसार केले. नोकरी लागली, बाहरीनला आला, तरी इथल्या मंडळाच्या गणपतीपासून दिवाळी पहाटपर्यंत कीबोर्डवर सदाभाऊच असणार हे ठरलेलं. निधी चार वर्षांची असताना झिंजमधल्या घरात त्यानेच तिला पेटीपुढे मांडीवर घेऊन सा दाखवला होता. तिचं बोट एवढंसं की पट्टी दबत नव्हती, म्हणून त्याने वरून आपलं बोट ठेवलं होतं. तिला ते आठवत नाही म्हणे. डेरेककडे जायला लागल्यावर दुसऱ्याच महिन्यात तिने बापाच्या कीबोर्डवरच्या त्या बटनाकडे बोट दाखवून सांगितलं, "डेरेक म्हणतो, ते बटन टुरिस्ट लोकांसाठी असतं." तिच्या आईला, लीनाला, हसू आवरेना. सदानंदही हसला. पण ते वाक्य त्याच्या अंगात काट्यासारखं राहिलं. आयुष्यभर परमुलखात आणि आता आपल्या वाद्यावरही आपण टुरिस्ट.

जुलै लागला. अर्धं बाहरीन सुट्टीला गावी गेलं, लीनाही आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ठाण्याला पुढे गेली. निधी मागे राहिली ती फक्त गुरुपौर्णिमेसाठी. मंडळाची पद्धत अशी की पौर्णिमेनंतरच्या शुक्रवारी मुलांनी आपापल्या गुरूचं नाव द्यायचं आणि त्या गुरूला व्यासपीठावर बोलावून शाल-श्रीफळ द्यायचं. बहुतेक पोरं गाण्याच्या ताई, नाचाच्या ताई, नाहीतर आईबापाचं नाव घालत. मंडळाच्या चिटणीस हेमावहिनी यादी घेऊन सदानंदकडे आल्या. "सदाभाऊ, निधीने हॅलमसरांचं नाव दिलंय हो," त्या जरा चाचरत म्हणाल्या. "मी म्हटलं तिला, अगं, तुझे पहिले गुरू बाबाच की. तर म्हणाली, ही इज माय फादर, नॉट माय टीचर. आताची मुलं!" "बरोबरच आहे तिचं," सदानंद म्हणाला. "साहेब मोठा माणूस आहे. त्यांना एखादं गाणंही वाजवायला सांगू." हे त्याच्या तोंडून निघालं तेव्हा त्याच्या मनात काही नव्हतं. घरी येऊन चपला काढता काढता ते मनात आलं.

डेरेकला वाजवायला मिळणार होता सदानंदचाच कीबोर्ड. त्याच्यावर ते टुरिस्ट बटन. एकदा दाबलं की कीबोर्डच्या छोट्या पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात अधिक एक. म्हाताऱ्याला चष्म्याशिवाय दिसणार नाही आणि चष्मा तो लोकांत लावत नाही. कानात आधीच एक पट्टी वर, त्यात वाद्य आणखी एक पट्टी वर. वजाबाकी एकाची करायची सवय, आणि इथे दोनाची गरज. अमवाजला झालं तेच होणार, पण या वेळी चक्कर आली म्हणता येणार नाही, कारण या वेळी निधी पहिल्या रांगेत असेल. नापास होताना बघू दे तिला तिच्या देवाला, एकदाच. मग कळेल की माणसं बटनं का दाबतात. आपण हे ठरवतोय याची सदानंदला लाज वाटली, नाही असं नाही. दोन दिवस वाटत राहिली. तिसऱ्या दिवशी शिकवणीनंतर डेरेकने त्याला मोबाइलवरचं एक पत्र दाखवलं. टोनीचं. रेकॉर्डला पन्नास वर्षं झाली, ऑक्टोबरमध्ये इंग्लंडात तीन कार्यक्रम आहेत, मूळ माणसं सगळी हवीत, आणि गाण्यावर या वेळी तुझं नाव छापू. डेरेक म्हणाला, "पन्नास वर्षं या एका ओळीची वाट पाहिली, मिस्टर सदानंद. आणि आता मी नाही म्हणून कळवणार आहे." का, ते त्याने सांगितलं नाही. सदानंदला ठाऊक होतं. तेवढ्यात निधी आली आणि तिने वाकून मास्तरच्या बुटाची सुटलेली नाडी बांधली, कारण त्याची कंबर धरली होती. सदानंद आपल्या चपलांकडे बघत उभा राहिला. लाज तिथेच संपली.

शुक्रवारी क्लबच्या भाड्याच्या हॉलमध्ये जेमतेम साठ माणसं होती. गावी जायला रजा न मिळालेली सगळी. दुपारी चारला दीपप्रज्वलन, मग मुलांचे श्लोक, मग सत्कार. मधे अजान झाली तेव्हा रीतीप्रमाणे माइक बंद ठेवून सगळे गप्प बसले. सदानंद कीबोर्डवर होता. कार्यक्रमाचा क्रम त्याला पाठ होता: हेमावहिनींचं भावगीत, त्यानंतर लगेच हॅलमसर. म्हणजे वहिनींचं गाणं झालं की उठता उठता बटन दाबायचं. हेमावहिनी माइकपाशी आल्या आणि घशाला हात लावून कुजबुजल्या, "सदाभाऊ, एक पट्टी खाली घ्या हं, सकाळपासून बसलाय." त्याने खाली घेतली. पडद्यावर उणे एक. म्हणजे गाण्यानंतर दोनदा वर दाबायचं, त्याने मनाशी पक्कं केलं आणि वाजवायला लागला. वहिनींनी गाणं लांबवलं. टाळ्या झाल्या. आणि तो बटनाकडे हात नेणार तेवढ्यात निधी माइकवर आली. परकर-पोलकं, केसांत गजरा, आणि हातात कागद नाही. ती मराठीत बोलली. घरात हाक मारली तरी इंग्रजीत ओ देणारी पोरगी शंभर चुका करत, अडखळत, मराठीत बोलली. "मला ऐकायला कोणी शिकवला नव्हता. सगळे वाजवायला सांगायचे. सरांनी मला ऐकायला शिकवला. ते माझे पहिले गुरू आहे." लोकांनी कौतुकाने टाळ्या वाजवल्या. पहिले. तो शब्द ऐकल्यावर सदानंदला पेटीवरचं ते एवढंसं बोट दिसलं आणि त्याच्यावरचं आपलं बोट दिसलं, आणि डोळ्यांपुढे काहीतरी आलं म्हणून तो उठला, डेरेकला जागा दिली, खाली येऊन दुसऱ्या रांगेत बसला. बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण बटन दाबलंच नाही. आठ दिवस जपलेला डाव ऐन वेळी विसरला. वाद्य उणे एकवर तसंच राहिलं होतं. गाणं झाल्यावर बटन मूळ जागी न आणणं ही त्याची जुनी खोड होती; तिच्यावरून निधी त्याला कितीदा बोलली असेल.

डेरेकने वाजवायला सुरुवात केली. पहिल्या चार सुरांनंतर तो थांबला. हात हवेत, मान वाकडी. न दाबताच झालं की काय? डेरेकने एक पट्टी दाबली, ऐकली. पुन्हा दाबली. पुन्हा ऐकली. मागे कुणीतरी हळूच म्हणालं, "विसरले वाटतं, वय झालंय." मग डेरेकने डोळे मिटले आणि ते गाणं सुरुवातीपासून वाजवायला घेतलं, आणि सदानंदसारख्या माणसालाही कळलं की हे आपल्या बटनाच्या पलीकडचं आहे. बोटं चाचपडत नव्हती. डावा हात पाण्यासारखा खाली सरकत होता आणि उजवा त्याच्यावर उगाच थांबून, थांबून काही सांगत होता. म्हाताऱ्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि तो ते पुसत नव्हता. तेव्हा कुठे सदानंदच्या डोक्यात हिशोब जुळला. कान एक पट्टी वर, वाद्य एक पट्टी खाली, बेरीज शून्य. आपल्या विसराळूपणाने म्हाताऱ्याचा मीटर दुरुस्त झाला होता. त्याला बुडवायला निघालो आणि हात दिला. याचा राग यावा की काय यावं, ते सदानंदला कळेना.

शाल खांद्यावर आणि नारळ हातात घेऊन डेरेक खाली उतरला तो थेट सदानंदपाशी आला. "परत आलं," तो म्हणाला. सहा वर्षांपासूनचं सगळं त्याने उभ्या उभ्या सांगितलं, ते एक पट्टी वर ऐकू येणं, ती रोजची वजाबाकी, आपलंच गाणं दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं वाटणं. "आणि त्या दिवशी लिफ्टपाशी मी वजाबाकी न करता बोललो आणि तुमची मुलगी म्हणाली बरोबर आहे. मला वाटलं योगायोग. पण आज सगळं गाणं! प्रत्येक सूर आपल्या घरात!" सदानंदने ऐकून घेतलं. "साहेब, ते बटनामुळे," एवढे तीन शब्द होते. ते तो बोललाही असता कदाचित. पण लोक मधे आले, हात मिळवू लागले, डेरेकला घेऊन फोटोकडे गेले, आणि व्यासपीठाच्या बाजूने निधी धावत आली आणि तिने बापाला मिठी मारली. दोन वर्षांत तिने मिठी मारली नव्हती. "बाबा, यू डिड इट फॉर हिम," ती त्याच्या शर्टात तोंड खुपसून म्हणाली. "मला लगेच कळलं. गाणं एक पट्टी खाली वाजत होतं. तुम्हाला माहीत होतं ना त्याच्या कानाचं? तुम्हीसुद्धा कोणाला सांगितलं नाही. आय थॉट यू हेटेड हिम." त्याने तिच्या गजऱ्यावर हात ठेवला. "आपण त्याला नाही सांगायचं, हं? प्रॉमिस? एक दिवस तरी त्याला बरं वाटू दे." आणि मग ती खाली वाकली आणि त्या गर्दीत, गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमात, तिने बापाच्या दोन्ही पायांना हात लावून नमस्कार केला. हेमावहिनी लांबून बघत होत्या; त्यांनी डोळे टिपले. सदानंदने आशीर्वाद दिला. तो त्याच्या हक्काचा नव्हता हे त्याला पुरतं ठाऊक होतं, आणि इतकं गोड त्याला आयुष्यात काही लागलं नव्हतं.

निधी खुर्च्या उचलायला थांबली तोवर तो डेरेकला घेऊन गाडीत येऊन बसला. बाहेर अजून उकडत होतं, एसीचा वारा गरमच येत होता. डेरेकने नारळ मांडीवर घेतला आणि आधी इंग्लंडला फोन लावला. टोनीशी तो दोन मिनिटंच बोलला: येतो म्हणून सांगितलं, आणि फोन ठेवून एकटाच हसला. मग त्याने क्लासचे मालक अर्शदभाईंना लावला, स्पीकरवर, कारण फोन कानाला लावला की त्याला नीट ऐकू येत नसे. अर्शद रत्नागिरीकडचे, सदानंदच्या ओळखीचे. त्यांना केव्हापासून एक तरुण शिक्षक ठेवायचा होता आणि म्हाताऱ्याचा व्हिसा महिनाअखेर नव्याने काढायचा की नाही यावर त्यांचं घोडं अडलं होतं. "व्हिसा काढू नका," डेरेक म्हणाला. "मी परत वाजवायला चाललोय." "आर यू शुअर, डेरेक? मग मी उद्याच दुसऱ्याला हो म्हणतो. नंतर बदलता यायचं नाही." "शंभर टक्के." "खलास, मग," अर्शदभाई म्हणाले, आणि त्यांच्या आवाजातला आनंद लपला नाही. "तिथे कोण आहे? सदाभाऊ काय? सदाभाऊ, तुम्ही ऐकलंत हां. उद्या साहेब फिरले तर तुम्ही साक्षीदार." सदानंदच्या हाताखाली स्टिअरिंग तापलेलं होतं. अजून वेळ होता. हॉलच्या दारात निधी दिसत होती, प्रसादाची पुडी घेऊन येणारी, लांबूनच त्याच्याकडे बघून हसणारी, फक्त त्याच्याकडे. "ऐकलं, अर्शदभाई," तो म्हणाला. एकाहत्तराव्या वर्षी या माणसाला आखातात पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही, हे त्याला मीटरच्या काट्याइतकं स्वच्छ दिसत होतं.

जुफैरला पोचेपर्यंत निधी मागच्या सीटवरून बापाच्या खांद्यावर हनुवटी ठेवून बसली होती. इमारतीत तिघे लिफ्टसमोर उभे राहिले. घंटा वाजली. "बी फ्लॅट!" डेरेक पोरासारखा ओरडला आणि त्याने निधीकडे पाहिलं. निधीने बापाचा हात धरला आणि म्हणाली, "बी फ्लॅट." मग डेरेकने सदानंदकडे पाहिलं. "काळी पाच," सदानंद म्हणाला. डेरेकला ते कळलं नाही, पण बरोबर आहे एवढं कळलं. तो आत गेला, नऊचं बटन दाबलं, आणि दार मिटता मिटता म्हणाला, "निधी, पुढच्या महिन्यापासून तुला नवीन मास्तर. मी घरी चाललो, बाळा, बँडमध्ये. अर्शदला सांगून टाकलं, बाबांना विचार. आता वर जाऊन माझ्या पियानोवर एकदा वाजवतो." दार मिटलं.

निधीचा हात सदानंदच्या हातातच होता. तो सुटला. "तो नोकरी सोडून आला?" तिने विचारलं. "केव्हा?" "गाडीत. तू खुर्च्या उचलत होतीस." "आणि तुम्ही ऐकलं?" दारावरचा आकडा दोन झाला, तीन झाला. "बाबा, त्याच्या घरी पियानो आहे. पियानोला बटन नसतं. बाबा, त्याला फोन करा. तुमच्याकडे नंबर आहे, माझा फोन गाडीत आहे. प्लीज!" ती लिफ्टचं बटन दाबत सुटली. चार. पाच. फोन सदानंदच्या खिशात होता, मांडीला लागत होता. फोन करून सांगायचं काय? वाद्य उणे एकवर कसं राहिलं, आणि मुळात आपण काय करायला निघालो होतो. एक सांगितलं की सगळं सांगावं लागणार, आणि पायांवरचा तो हात परत घेतला जाणार. सहा. सात. त्याने पोरीकडे पाहिलं. ती रडत होती आणि त्याच्याकडे बघत होती, आणि तिची नजर हळूहळू पहिल्यासारखी होत चालली होती, चूक पकडणारी. त्या नजरेची त्याला भीती वाटली. "मी सांगणारच होतो त्याला," तो म्हणाला. "तूच म्हणालीस ना, सांगू नका म्हणून? तूच त्या दिवशी बी फ्लॅट म्हणालीस. त्याच्यावरूनच त्याला वाटलं." आठ. निधीचा हात बटनावरून खाली आला, कारण ते खरं होतं. आकडा नऊवर येऊन थांबला. तिथली घंटा खाली ऐकू येणं शक्य नव्हतं, पियानो तर नाहीच. तरी निधीने दोन्ही कानांवर हात दाबून धरले आणि ती खाली बसली.